गाडीभाडें आणि घड्याळ

आगगाडीचें भाडें कशावरून ठरतें, असा प्रश्न कोणास विचारला तर तो तत्काळ उत्तर देईल कीं, अंतरावरून आणि डब्याच्या वर्गावरून. प्रवास जितका लांबचा तितकें भाडें अधिक, आणि बसावयाची गादी जितकी मऊ तितकें तें आणखी अधिक. हें उत्तर चुकीचें नाहीं, परंतु तें अपुरें आहे. जगांतील पुष्कळ मोठ्या शहरांत भाडें ठरविणारी एक तिसरी गोष्ट आहे, व ती म्हणजे घड्याळाचा कांटा. स्कॉटलंडांतील ग्लासगो व एडिंबरो या दोन शहरांचेंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ पर्यंत या दोहोंमधील परतीचें तिकीट गर्दीच्या वेळीं ३२ पौंड ६० पेन्सांस पडे, आणि इतर वेळीं तेंच १६ पौंड ८० पेन्सांस मिळे. तींच स्थानकें, तेच डबे, तेंच अंतर; फरक काय तो वेळेचा.

अशा स्वस्त तिकिटास तिकडे ‘ऑफ-पीक’ तिकीट म्हणतात. आपण त्यास ‘मोकळ्या वेळचें तिकीट’ म्हणूं. तें स्वस्त असतें, परंतु त्याजवर एक अट असते: अमुक वाजण्यापूर्वीं, किंवा अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, त्यावर प्रवास करतां येत नाहीं. वरवर पाहतां ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु जो माणूस रोज आगगाडीनें कामावर जातो, त्याच्या महिन्याच्या प्राप्तीचा केवढा भाग भाड्यांत जावा, हें ही अट ठरवीत असते. म्हणून ती कां घालतात, तिचा इतिहास काय, आणि ती न्यायाची केव्हां ठरते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम अट घालण्याचें कारण पाहूं. समजा, एका घरीं लग्नकार्य आहे व ३०० पाहुणे जेवावयाचे आहेत. सर्वजण एकाच पंगतीस बसणार असतील, तर यजमानास ३०० पाट मांडावे लागतील, वाढपी मंडळीही त्या मानानें जमवावी लागेल, आणि मांडवही तेवढाच मोठा घालावा लागेल. हा सर्व पसारा एका तासाच्या कामाचा. उरलेला दिवस पाट रिकामे पडून राहतील. तेच पाहुणे शंभर-शंभरांच्या तीन पंगतींत बसले, तर १०० पाटांत आणि तिसऱ्या हिश्श्याच्या मांडवांत सर्वांचें जेवण होईल. अन्न प्रत्येकास तेवढेंच मिळेल, परंतु यजमानाचा खर्च बराच कमी होईल. अडचण एवढीच कीं, भूक सर्वांस एकाच वेळीं लागते. शेवटच्या पंगतीस बसण्यास कोणी आपखुशीनें राजी व्हावा असें वाटत असेल, तर त्यास कांहीं तरी अधिक देऊं केलें पाहिजे.

आगगाडीची स्थिति नेमकी अशीच आहे. शहरांतील कचेऱ्या, कारखाने व शाळा जवळजवळ एकाच वेळीं उघडतात. त्यामुळें सकाळचे दोन-तीन तास व सायंकाळचे दोन-तीन तास लोटालोट होते. या थोड्या तासांची गर्दी वाहून नेतां यावी एवढ्याकरितां कंपनीस जास्त डबे विकत घ्यावे लागतात, जास्त चालक नेमावे लागतात, फलाट लांबवावे लागतात, आणि कधीं कधीं नवा रूळमार्गही टाकावा लागतो. दुपारीं बारा वाजतां यांतील निम्मे डबे कारशेडांत उभे असतात. परंतु ते घेण्यासाठीं काढलेल्या कर्जावरील व्याज कांहीं दुपारीं थांबत नाहीं. याचा अर्थ असा कीं, दुपारच्या गाडींत एक उतारू वाढला तर कंपनीचा खर्च जवळजवळ वाढत नाहीं, कारण गाडी तशीही रिकामीच धांवणार होती. सकाळीं नऊच्या गाडींत मात्र उतारू वाढत गेले तर एक दिवस नवा डबा जोडावाच लागतो. दोन्ही उतारू सारखेंच अंतर जातात, परंतु ते कंपनीवर टाकीत असलेला भार सारखा नसतो.

हा विचार शास्त्रशुद्ध रीतीनें मांडणाऱ्यांमध्यें विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाचें नांव प्रमुख आहे. न्यूयॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेचें भाडें कसें असावें याचा त्यानें अभ्यास केला, आणि तें अंतराप्रमाणें व वेळेप्रमाणें बदलतें असावें, अशी सूचना १९५२ सालीं केली. न्यूयॉर्कनें ती मानली नाहीं. परंतु गर्दीच्या वेळची जागा ही मोलाची वस्तु आहे व तिचें मोल निराळें असावें, हा त्याचा विचार पुढें जगभर पसरला. १९९६ सालीं विक्रीस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें, आणि त्यानंतर तीनच दिवसांनीं तो निवर्तला.

तथापि घड्याळ पाहून भाडें कमी करण्याची चाल विक्रीच्याही फार पूर्वींची आहे, आणि तिची सुरुवात गर्दीच्या हिशेबांतून न होतां गरिबांविषयींच्या कळकळींतून झाली. इंग्लंडांत १८४४ सालीं ग्लॅडस्टन हा व्यापारमंडळाचा अध्यक्ष असतां रेल्वेविषयक एक कायदा झाला. प्रत्येक नव्या मार्गावर दिवसांतून निदान एक गाडी अशी असावी कीं, तिचा वेग मुक्कामांसह ताशीं १२ मैलांहून कमी नसावा, डबे ऊनपावसापासून आच्छादलेले असावे, व भाडें मैलास एक पेनीहून अधिक नसावें, असें त्या कायद्यानें ठरविलें. या गाड्यांस लोक ‘पार्लमेंटरी गाड्या’ म्हणूं लागले. गाडी कोणत्या वेळीं सोडावी याविषयीं मात्र कंपन्यांस बरीच मोकळीक होती. पुष्कळ कंपन्यांनीं तिचा लाभ घेऊन आपली स्वस्त गाडी भल्या पहाटे किंवा अशाच एखाद्या गैरसोयीच्या वेळीं ठेविली. कायद्याचीं अक्षरें पाळलीं गेलीं, परंतु हेतु अर्धाच साधला. स्वस्त भाडें देऊन तें अडचणीच्या वेळेस बांधून टाकण्याची युक्ति ही अशी जुनी आहे.

यानंतर ‘मजूर-गाड्या’ आल्या. लंडनची मेट्रोपॉलिटन ही जगांतील पहिली भुयारी रेल्वे जानेवारी १८६३ मध्यें सुरू झाली. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १८६४ सालीं, तिनें सकाळीं ५-३० व ५-४० अशा दोन गाड्या केवळ मजुरांकरितां सोडण्यास आरंभ केला. जाऊन येऊन भाडें ३ पेन्स. त्याच सुमारास दुसरी एक निकड उत्पन्न झाली. शहराच्या मध्यभागीं स्थानकें व रूळमार्ग बांधण्यासाठीं गरिबांचीं घरें मोठ्या प्रमाणावर पाडण्यांत येत होतीं. ज्यांची घरें गेलीं त्यांस दूर उपनगरांत जाऊन राहावें लागलें, पण काम तर शहरांतच होतें. तेव्हां पार्लमेंटनें ग्रेट ईस्टर्न या कंपनीवर मजुरांसाठीं २ पेन्सांत जाण्यायेण्याची सोय करण्याचें बंधन घातलें. त्या स्वस्त भाड्याच्या आधारावरच एडमंटन, वॉल्थॅमस्टो वगैरे ईशान्येकडील भाग कष्टकऱ्यांच्या वस्तीनें भरून गेले. पुढें १८८३ च्या कायद्यानें ही सवलत सर्व देशांत पसरली. सायंकाळीं ६ पासून सकाळीं ८ पर्यंतच्या वेळांत मजुरांसाठीं पुरेशा गाड्या माफक भाड्यांत सोडण्याचा हुकूम करण्याचा अधिकार व्यापारमंडळास मिळाला.

आतां या सवलतीची दुसरी बाजू पाहा. कंपन्यांचे खरे उतारू म्हणजे नऊच्या सुमारास येणारे कारकून व व्यापारी. त्यांच्या गर्दींत मजूर येऊं नयेत म्हणून मजूर-गाडी शक्य तितकी लवकर ठेवण्यांत येई; कांहीं मार्गांवर तर सकाळ जसजशी वर येई तसतसें भाडें पायरीपायरीनें वाढे. गवंडी किंवा गोदींतील हमाल यांचें काम पहाटेसच सुरू होई, म्हणून त्यांस याचा त्रास नव्हता. परंतु शिवणकाम करणाऱ्या, टोप्या व फुलें बनविणाऱ्या शेंकडों मुलींचीं दुकानें आठ-साडेआठला उघडत. त्यांच्या तुटपुंज्या मजुरींत आठचें महाग तिकीट बसत नसे. म्हणून त्या पहाटेच्या गाडीनें येत, आणि थंडीपावसांत रस्त्यावर किंवा स्थानकाच्या आडोशास दोन दोन तास उभ्या राहत. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकापासून जवळच ऑल हॅलोज नांवाचें एक देऊळ आहे. तेथील धर्माधिकारी सॅम्युअल जॉन स्टोन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या मुलींकरितां देवळाचे दरवाजे सकाळीं उघडे ठेवण्याची व्यवस्था केली, म्हणजे कामाची वेळ होईपर्यंत त्यांस बसावयास निवारा मिळे. रेल्वेच्या भाडेपत्रकांत त्या दोन तासांची किंमत कोठेंही लिहिलेली नव्हती. ती त्या मुली स्वतःच्या झोंपेंतून व आरोग्यांतून देत होत्या.

विसाव्या शतकांत चित्र पालटलें. मजूर-तिकिटें त्या शतकाच्या उत्तरार्धांत नाहींशीं झालीं, आणि त्यांच्या जागीं सकाळची गर्दी ओसरल्यानंतरचीं स्वस्त तिकिटें रूढ झालीं. वरवर हा साधा फेरबदल दिसतो. पहिली सवलत गर्दीच्या आधींची होती, दुसरी गर्दीच्या नंतरची. परंतु यांत एक मोठा फरक होऊन गेला. पहिल्या सवलतीचा धनी कष्टकरी होता. दुसरीचा धनी म्हणजे ज्यास उशिरा निघणें परवडतें तो: खरेदीस जाणारी गृहिणी, सहलीस निघालेलें कुटुंब, सेवानिवृत्त गृहस्थ. ज्यास आठ वाजतां कामावर हजर राहणें भाग आहे, तोच आतां सर्वांत महाग तिकीट काढूं लागला. हिशेबाच्या दृष्टीनें यांत विसंगति नाहीं, कारण खर्चाचा भार त्याच्याच वेळीं पडतो. परंतु ज्याच्या कणवेंतून ही चाल प्रथम निघाली, तोच तिच्या बाहेर राहिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

हल्लीं हे नियम कसे असतात त्याचे नमुने पाहूं. लंडनच्या भुयारी रेल्वेंत सोमवार ते शुक्रवार सकाळीं ६-३० ते ९-३० व दुपारीं ४ ते सायंकाळीं ७ ही गर्दीची वेळ धरतात. एरव्हीं, तसेंच शनिवारीं, रविवारीं व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशीं भाडें उतरतें. यांत एक मार्मिक अपवाद आहे. सायंकाळीं सर्व लोंढा शहराच्या मध्यांतून बाहेर जातो. म्हणून त्याच वेळीं बाहेरून मध्यभागाकडे येणाऱ्यास स्वस्त भाडेंच पडतें. त्याची गाडी रिकामीच चाललेली असते. आग्नेय इंग्लंडांत १९८६ साली निघालेलें ‘नेटवर्क रेलकार्ड’ जवळ असेल तर भाड्यांत सूट मिळते, परंतु कामाच्या दिवशीं सकाळीं १० पूर्वीं नाहीं. लंडनमधील साठ वर्षांवरील रहिवाशांस मिळणारा मोफत प्रवासही पूर्वीं सर्व वेळ खुला होता. जून २०२० मध्यें, साथीच्या काळीं, सकाळीं ९ पूर्वींची मोकळीक तात्पुरती म्हणून काढून घेण्यांत आली, आणि जानेवारी २०२३ मध्यें ती कायमची बंद झाली. साठ वर्षांचे पुष्कळ लोक अद्याप नोकरी करीत असतात. त्यांच्या दृष्टीनें हा फरक लहान नव्हता.

वेळेची अट घालतांना आणखी एक बारीक प्रश्न उपस्थित होतो. वेळ मोजावयाची कोणत्या क्षणाची? उतारू स्थानकांत शिरतो तो क्षण, गाडी सुटते तो क्षण, कीं उतारू बाहेर पडतो तो? सिंगापूरचा अनुभव येथें उपयोगी आहे. जून २०१३ मध्यें तेथील सरकारनें असें जाहीर केलें कीं, शहराच्या मध्यवर्ती १६ स्थानकांवर कामाच्या दिवशीं सकाळीं ७-४५ पूर्वीं जो बाहेर पडेल त्यास भाडें माफ. येथें बाहेर पडण्याची वेळ धरलेली होती. म्हणजे वाटेंत गाडी रखडली तर उतारूचा कांहीं दोष नसतां त्याची सवलत जावयाची. २०१७ च्या अखेरीस ही योजना संपली व तिच्या जागीं दुसरी आली. तींत कोणत्याही स्थानकांत ७-४५ पूर्वीं आंत शिरणाऱ्यास ५० सेंटपर्यंत सूट मिळूं लागली. सूट लहान झाली, परंतु ती मिळणें न मिळणें उतारूच्या स्वतःच्या हातीं आलें.

दुसरी अडचण कड्यासारख्या सीमेची. ९-२९ ला भाडें दुप्पट व ९-३० ला निम्में, असें असलें म्हणजे लोक ९-३० ची वाट पाहत फलाटावर खोळंबतात, आणि पहिल्याच स्वस्त गाडीवर तुटून पडतात. लंडनच्या यूस्टन स्थानकावर दर शुक्रवारीं सायंकाळीं हा प्रकार वर्षानुवर्षें चाले. सातपूर्वींच्या महाग गाड्यांत जागा रिकाम्या जात, आणि सातची पहिली स्वस्त गाडी उतारूंनीं इतकी भरे कीं, लोक वाटेंत उभे राहत. अखेर २०१८ च्या उन्हाळ्यांत तेथील कंपनीनें शुक्रवार सायंकाळचा हा निर्बंध प्रथम प्रयोगादाखल उठविला. गर्दी वांटली जावी म्हणून केलेला नियमच नवी गर्दी निर्माण करूं शकतो, हें यावरून दिसून येईल.

परंतु सर्वांत गंभीर अडचण निराळीच आहे, आणि ती म्हणजे नियम उतारूस समजण्याची. ब्रिटनमधील प्रत्येक सवलतीच्या तिकिटास एक संकेताक्षर जोडलेलें असतें, व तें तिकीट कोणत्या मार्गावर कोणत्या वेळीं चालेल हें त्या संकेताच्या तपशिलांत पाहावें लागतें. एकाच शहरांतून निघणाऱ्या दोन कंपन्यांच्या गाड्यांस निरनिराळ्या वेळा लागूं असूं शकतात. अशा जंजाळांत सामान्य माणूस कसा सांपडतो याचें उदाहरण सप्टेंबर २०२४ मध्यें घडलें. सोळा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांस ब्रिटनमध्यें एक रेलकार्ड मिळतें. त्यानें भाड्यांत एकतृतीयांश सूट पडते. मात्र सोमवार ते शुक्रवार पहाटे ४-३० ते सकाळीं १० या वेळांत, जुलै व ऑगस्ट हे महिने वगळून, त्यावर निदान १२ पौंडांचें तिकीट काढलें पाहिजे, अशी अट होती. उत्तर इंग्लंडांत एका तरुण पदवीधरानें सकाळच्या प्रवासाकरितां ‘कोणत्याही वेळीं चालणारें’ अशा नांवाचें तिकीट हें कार्ड दाखल करून घेतलें. त्याचें मूळ भाडें ५ पौंड ५५ पेन्स होतें. त्यानें ३ पौंड ६५ पेन्स दिले. त्या वेळीं सूट लागूं नव्हती, म्हणून १ पौंड ९० पेन्स कमी भरल्याबद्दल त्यास फौजदारी खटल्याची नोटीस आली.

तिकिटाच्या नांवांतच ‘कोणत्याही वेळीं’ असे शब्द असतां तें त्या वेळीं चालणार नाहीं, हें त्यानें कोठून जाणावें? प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलें. कंपनीनें तो खटला व त्यासारखे इतर खटले मागें घेतले, आणि सरकारनें रेल्वेच्या नियामक मंडळाकडून चौकशी करविली. जून २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत, तिकिटांची पद्धत गुंतागुंतीची आहे, निष्पाप उतारूकडून सहज चूक होऊं शकते, आणि निरनिराळ्या कंपन्या एकाच चुकीस निरनिराळें शासन करतात, असें स्पष्ट म्हटलें आहे. येथें आपण एक भेद जाणून घेतला पाहिजे. फुकट जाण्याच्या हेतूनें जो तिकीट काढीत नाहीं तो एक, आणि पैसे देऊनही ज्यास अट कळली नाहीं तो दुसरा. दोघांस एकाच दंडानें मोजणारा नियम लोकांचा आदर मिळवूं शकत नाहीं.

आतां असा प्रश्न येतो कीं, एवढें करून गर्दी खरोखर वांटली जाते काय? उत्तर संमिश्र आहे. सिंगापुरांत मोफत प्रवासाच्या योजनेनंतर गर्दीच्या तासांतील सुमारें ७ टक्के उतारू लवकर निघूं लागले. हा आंकडा लहान दिसला तरी दाटलेल्या गाडींत तेवढ्यानेंही श्वास घेण्यास जागा होते. उलट लंडनमध्यें मार्च ते मे २०२४ या काळांत दर शुक्रवारीं दिवसभर मोकळ्या वेळचें भाडें लावून पाहिलें, तेव्हां उतारूंच्या संख्येंत लक्षांत येण्याजोगा फरक पडला नाहीं. कारण उघड आहे. साथीनंतर पुष्कळ लोक शुक्रवारीं घरूनच काम करूं लागले होते. ज्यास घराबाहेर पडण्याचें कारणच नाहीं, त्यास चार पेन्स वांचतात म्हणून तो बाहेर पडत नाहीं.

स्कॉटलंडनें तर ही अटच काढून टाकून पाहिली. ऑक्टोबर २०२३ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत तेथें दिवसभर एकच, म्हणजे मोकळ्या वेळचें, भाडें ठेवण्यांत आलें. त्या काळांत प्रवास सुमारें ६.८ टक्क्यांनीं वाढला; योजनेचा खर्च भरून येण्यास १० टक्के वाढ हवी होती. शिवाय सरकारच्या पाहणींत असें आढळलें कीं, लाभ मुख्यतः आधींपासूनच आगगाडीनें जाणाऱ्या व मध्यम किंवा त्याहून अधिक प्राप्तीच्या लोकांस झाला. म्हणून महाग भाडें पुनः सुरू झालें. परंतु रोजच्या कामावर जाणाऱ्याचीच पिळवणूक होते ही तक्रार शमली नाहीं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तेथील सरकारनें आपल्या गाड्यांवरील गर्दीच्या वेळचें भाडें कायमचें रद्द केलें. लेखाच्या आरंभीं सांगितलेलें ३२ पौंड ६० पेन्सांचें तिकीट त्या दिवसापासून १६ पौंड ८० पेन्सांवर आलें. या अनुभवाचा बोध दुहेरी आहे. अट उठविल्यानें गरिबाचेंच भलें होतें असें नाहीं. तसेंच, हिशेब बरोबर असला म्हणजे लोकांस तो न्यायाचा वाटतोच, असेंही नाहीं.

आपल्या इकडे पाहिलें तर दिल्लीच्या मेट्रो रेल्वेंत हें तत्त्व सौम्य रूपांत आढळतें. स्मार्ट कार्ड वापरणाऱ्या उतारूनें सकाळीं ८ पूर्वीं, दुपारीं १२ ते ५ या वेळांत किंवा रात्रीं ९ नंतर प्रवास केला, तर त्यास नेहमींच्या सवलतीवर आणखी १० टक्के सूट मिळते. मुंबईच्या लोकल गाड्यांची रीत मात्र अगदीं वेगळी आहे. तेथील नोकरदाराची मोठी सवलत म्हणजे मासिक पास, आणि त्यावर वेळेचें कसलेंही बंधन नाहीं. पास एकदां काढला कीं पुढील प्रत्येक फेरी फुकटच. म्हणून ती सकाळीं आठला करावी कीं अकराला, याविषयीं भाड्याचा कांहीं आग्रह उरत नाहीं. कष्टकऱ्यास त्याच्या कामाच्या वेळींच स्वस्त प्रवास देण्याची एकोणिसाव्या शतकांतील मूळ कल्पना मुंबईच्या पासांत, तिच्यांतील पहाटेच्या जाचक अटीवांचून, अद्याप जिवंत आहे, असें म्हणतां येईल. तिची किंमत मुंबईकर दुसऱ्या रूपांत देतात, आणि ती म्हणजे दारांत लोंबकळण्यापर्यंत गेलेली गर्दी.

घड्याळानें प्रवास बांधला म्हणजे काय होतें, याचा अनुभव मुंबईनेंही एकदां घेतला आहे. कोरोनाच्या साथींत बंद असलेल्या लोकल गाड्या १ फेब्रुवारी २०२१ रोजीं सर्वसाधारण लोकांस पुनः खुल्या झाल्या, त्या वेळेच्या अटीवर: पहिल्या गाडीपासून सकाळीं ७ पर्यंत, दुपारीं १२ ते ४, आणि रात्रीं ९ पासून शेवटच्या गाडीपर्यंत. यांत भाड्याचा संबंध नव्हता, गर्दी टाळण्याचाच हेतु होता. तथापि ज्याचें काम दहा वाजतां सुरू होई त्यास सातपूर्वीं निघून शहरांत ताटकळत बसावें लागे, आणि सायंकाळीं सुटल्यावर नऊची वाट पाहावी लागे. लंडनच्या पहाटेच्या गाडींतून उतरलेल्या त्या मुलींची व मुंबईच्या या नोकरदारांची अडचण एकच होती. गाडीची वेळ बदलली होती, परंतु कामाची वेळ बदलली नव्हती.

यावरून ध्यानांत येईल कीं, गर्दीचें मूळ आगगाडींत नसून कचेरीच्या घंटेंत आहे. दहाची घंटा सर्वत्र दहालाच वाजत राहिली, तर भाडें कितीही कमीजास्त करा, लोक नऊच्याच गाडीस येणार. मध्य रेल्वेनें नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबईंतील कचेरीच्या कर्मचाऱ्यांसाठीं कामाच्या दोन निरनिराळ्या वेळा ठेविल्या, आणि इतर कचेऱ्यांनींही तसें करावें असें आवाहन केलें. हा मार्ग भाड्याच्या मार्गाहून मंद असेल, पण रोगाच्या अधिक जवळ जाणारा आहे.

तर मग वेळेच्या अटीचें स्वस्त तिकीट चांगलें कीं वाईट? आमच्या मतें त्याची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी. पहिला, ज्या वेळीं महाग भाडें घेतलें जातें, त्या वेळीं गाडी खरोखर भरलेली असते काय? रिकाम्या गाडीस महाग भाडें लावण्यांत कोणाचेंच हित नाहीं. दुसरा, अट इतकी साधी आहे काय कीं, तिकीट हातीं घेणाऱ्या कोणाही साक्षर माणसास ती त्या तिकिटावरूनच कळावी? आणि तिसरा, जो महाग भाडें देतो त्यास दुसऱ्या वेळीं जाण्याची मुभा आहे काय? वेळ निवडण्याची ज्यास मोकळीक आहे, त्याच्याशीं रेल्वेनें केलेला हा सौदा उभयतांच्या हिताचा असतो: तो आपली सोय थोडी सोडतो व त्याबद्दल पैसे वांचवितो. परंतु रुग्णालयांत सात वाजतां हजर होणारी परिचारिका, आठला फाटक गांठणारा गिरणींतील कामगार, पहिल्या तासास पोहोंचूं पाहणारा विद्यार्थी, यांच्यापाशीं सोडावयास मोकळी वेळ मुळींच नसते. त्यांच्याकडून महाग भाडें घेऊन त्यांची सवय बदलत नाहीं, केवळ त्यांचा खिसा हलका होतो. त्यांच्याकरितां मजूर-तिकिटासारखी किंवा मुंबईच्या पासासारखी निराळी व्यवस्था असलीच पाहिजे. ती ठेवून मग मोकळ्या वेळच्या उतारूस हवी तेवढी सूट द्यावी. त्यांत रेल्वेचेंही हित आहे आणि लोकांचेंही.